एक पान, अनेक चहा

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच गोष्ट ब्रँच न पाहता चालते, ती म्हणजे चहा! मी मंगरूळपीरचा (जि. वाशीम). आमच्या वऱ्हाडात पाहुणा दारात दिसला की "बसा, चाय मांडतो" हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं. बारावीपर्यंत मला चहाचे दोनच प्रकार ठाऊक होते, गोड आणि कमी गोड. होस्टेलला आल्यावर वेगवेगळ्या गावचे मित्र भेटले आणि कळलं की या कपात केमिस्ट्रीचा अर्धा सिलॅबस आहे.

पहिली गंमत अशी की हिरवा, ऊलाँग आणि काळा हे तिन्ही चहा एकाच झाडाचे. नाव कॅमेलिया सायनेन्सिस. कापलेलं सफरचंद हवेत काळं पडतं ना, तसंच खुडलेलं पान चुरगळलं की त्याचं ऑक्सिडेशन सुरू होतं. पानाला लगेच उष्णता देऊन ते थांबवलं की हिरवा चहा, अर्ध्यावर थांबवलं की ऊलाँग आणि पूर्ण होऊ दिलं की काळा.

आपल्या टपरीवरची दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. म्हणजे पान चिरडायचं, फाडायचं आणि त्याच्या गोळ्या करायच्या. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात तयार झालं. दाणा बारीक, म्हणून पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. भरपूर दूध घातलं तरी चव मरत नाही ती यामुळेच. हिरव्या चहाला मात्र अशी उकळी चालत नाही, तो कडू होतो. केटल बंद करून (रेक्टर सरांनी हा शब्द वाचू नये) चार-पाच मिनिटं झाकण उघडं ठेवा, मग पत्ती टाका आणि दोन-तीन मिनिटांत गाळा.

आता एक प्रयोग. कोऱ्या चहात लिंबू पिळा, रंग लगेच फिका होतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, रंग गडद होतो. म्हणजे चहा हा आपला घरगुती लिटमस! आमच्या विंगमधल्या काश्मिरी मित्राचा नून चाय याच तत्त्वावर चालतो. हिरवी पत्ती सोडा घालून खूप वेळ उकळायची, वरून गार पाणी ओतायचं, लालभडक अर्क निघतो. त्यात दूध पडलं की गुलाबी रंग! पण साखरेऐवजी मीठ. पहिला घोट घेताना आमच्या वऱ्हाडी जिभेची जी परीक्षा झाली ती युनिव्हर्सिटीनेही कधी घेतली नाही. तिसऱ्या कपाला मात्र मी स्वतःहून मागितला.

घरच्या चहाचंही शास्त्र आहे. आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, म्हणून आई आलं आधी पाण्यात उकळते. उकळीने ते निकामी होतं आणि दूध फाटत नाही. गूळ थोडा आम्लधर्मी, म्हणून तो गॅस बंद केल्यावर शेवटी. आणि परसातला गवती चहा? तो चहाच नाही, ते सुगंधी गवत आहे! नुसता त्याचा काढा घेतला तर त्यात कॅफिन नसतं, त्यामुळे रात्री निवांत झोपायचं असेल तर तो बरा.

आता थोडं गंभीर. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात नीट शोषलं जात नाही. डाळ, मेथी, भाकरी यांतल्या लोहावर तर याचा परिणाम जास्त होतो. माझी आई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते आणि लगेच कपभर चहा घेते. रक्त कमी म्हणून तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही ती त्याच चहासोबत घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलं, "चहा बंद करू नका, वेळ बदला." आता दुपारचा चहा चार वाजता होतो आणि गोळी लिंबूपाण्यासोबत. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदतच करतं. चहा तोच, साखर तीच, फक्त घड्याळ बदललं.

होस्टेलमध्ये, विशेषतः मुलींच्या होस्टेलमध्ये, मेसमधून उठून थेट टपरी गाठणारे बरेच आहेत. त्यांना एवढंच सांगणं, राजेहो, तासभर थांबा. आणि सुट्टीत घरी गेलात की आई, आजी, काकू जेवणानंतर लगेच चहा घेतात का ते बघा. घेत असतील तर चार वाजता तुम्हीच उठा आणि म्हणा, "बस माय, आज मी चाय मांडतो."