विद्यापीठाचे नाव आणि गावकुसाबाहेरची घरे

नामांतराविषयी बोलताना विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात : मागणी विद्यापीठाची, मग घरे खेड्यांतली का जळाली? प्रश्न रास्त आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ज्यांच्या झोपड्या पेटल्या त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती. ती शेतमजुरी करून जगणारी माणसे होती. पण औरंगाबादेत १९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, जे पुढे ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेले, तेव्हापासून या माणसांची पोरे शिष्यवृत्तीवर शिकू लागली होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर मेलेली ढोरे ओढण्यास, येसकरपाळी करण्यास वस्त्या नकार देऊ लागल्या होत्या. सुट्टीत गावी आलेला पोरगा धुतलेल्या कपड्यांत चावडीवरून मान वर करून जाई. गावाच्या डोळ्यांत सलत होता तो हा पोरगा. तो हाती लागला नाही, तेव्हा त्याच्या बापाचे घर सापडले.

‘मराठवाडा’ हे नाव निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याची खूण आहे, असे विरोधक म्हणत. त्या भावनेची टिंगल मी करणार नाही. परंतु त्या अस्मितेत महारवाडा-मांगवाडा धरला होता काय? आपल्यातलेही काही शहाणे ‘नावाने पोट भरते का?’ असे विचारीत. ज्याला गावात नावाने नव्हे, जातीने हाक मारली जाई, त्याला हा प्रश्न कधी पडला नाही. म्हणूनच १९७९ चा लाँग मार्च निघाला, माणसे तुरुंगात गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ती तडजोड होती. दोन्ही नावे राहिली. तेवढ्यासाठीही साडेपंधरा वर्षे लागली.

आज विद्यापीठांच्या आवारात मोर्चे निघतात ते शिष्यवृत्ती थकली, वसतिगृहात जागा नाही म्हणून. ते निघालेच पाहिजेत. मात्र मोर्चातल्या पोरांचा गावाशी धागा तुटत चालला आहे, असे मला वाटते. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर खेड्यापाड्यांतून माणसे येतात. त्यांत ७८ साल अंगावर घेतलेली म्हातारी माणसे अजून असतात. विद्यार्थी संघटनांनी त्या दिवशी घोषणांबरोबर वह्याही न्याव्यात. गाव कोणते, घर कोणाचे, धान्य किती जळाले, खटला उभा राहिला का, भरपाई हाती पडली का, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे आणि मग त्या त्या गावी जाऊन पडताळावे.