शेवट सारखा, अर्थ निराळा

भेंड्या लावताना शब्दाच्या शेवटच्या अक्षराला केवढे महत्त्व असते, हे आपणांस ठाऊकच आहे. इंग्रजीतील स्क्रॅबल या शब्दक्रीडेतही जाणता खेळाडू शब्दाच्या शेवटाकडे आधी पाहतो. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930 च्या दशकात हा खेळ रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे वर्तमानपत्रांतून मोजून त्याने अक्षरांचे गुण ठरविले. 1948 साली खेळाला आजचे नाव मिळाले. प्रत्येकाच्या हाती सात अक्षरे असतात. सातही एकाच खेपेत मांडली तर 50 गुण अधिक मिळतात. म्हणूनच आय, टी, आय, एस ही चार अक्षरे हाती आली की खेळाडू ती जपून ठेवतो. जोडीला सी, ओ, एल आले की 'कोलायटिस' सिद्ध होतो : अक्षरांचे 9 गुण आणि वर 50!

अशा समान शेवटांचे मोठे भांडार वैद्यकाच्या परिभाषेत आहे. 'आयटिस' हे त्यांतील सर्वांत परिचित. मूळ ग्रीक भाषेत त्याचा अर्थ केवळ 'अमुक अवयवासंबंधीचा' एवढाच होता. आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचा रोग. 'दाह' हा नेमका अर्थ पुढे रूढ झाला. मराठीनेही हाच मार्ग धरला : यकृतदाह, आंत्रपुच्छदाह. येथे शेवट ऐकताच कुळाची ओळख पटते.

'ओमा'चे मात्र तसे नाही. लायपोमा म्हणजे मेदाची, बहुधा निरुपद्रवी गाठ. मेलॅनोमा आणि लिम्फोमा कानाला तिची सख्खी भावंडे वाटतात, पण ते कर्करोग आहेत. हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त. ग्लॉकोमा हा डोळ्यांचा विकार, त्यात गाठ नसतेच. 'कोमा' हा ग्रीक भाषेतील गाढ निद्रेचा शब्द. आणि आपल्या भिंतीवर चौकटीत विराजमान झालेला 'डिप्लोमा'? तो मुळात दुमडलेला कागद! स्क्रॅबलच्या पटावर हे सारे एका पंक्तीत सुखाने बसतात. रुग्णाच्या हाती तपासणीचा कागद पडतो तेव्हा मात्र या यमकाची किंमत वेगळी असते. 'ओमा' म्हणजे कर्करोग, असे कुठेतरी ऐकलेला माणूस साध्या मेदगाठीच्या नावानेही रात्रभर तळमळतो. याउलट, शेजाऱ्याचा लायपोमा निरुपद्रवी निघाला म्हणून आपल्या मेलॅनोमाकडे दुर्लक्ष करणारा अधिक धोक्यात असतो.

शस्त्रक्रियांच्या नावांत तर एकेका अक्षराचा खेळ आहे. 'ओटॉमी' म्हणजे छेद घेणे, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणे आणि 'ओस्टॉमी' म्हणजे मुख निर्माण करणे. त्यातील 'स्टोमा' म्हणजेच ग्रीक भाषेत तोंड. मोठ्या आतड्याला छेद घेतला तर कोलोटॉमी, त्याचा भाग वा ते सर्व काढले तर कोलेक्टॉमी आणि ते पोटाच्या त्वचेवर उघडले तर कोलोस्टॉमी. पहिल्या आणि तिसऱ्या शब्दांत केवळ एका 'एस'चा फरक. खेळात त्या 'एस'चा गुण एक. रुग्णाच्या आयुष्यात मात्र त्याचा अर्थ पोटावरची पिशवी, बदललेला पोशाख, प्रवासाची चिंता आणि मनातला संकोच. ती व्यवस्था तात्पुरती असेल की कायमची, हे तर त्या शब्दातून मुळीच कळत नाही. लोबेक्टॉमी आणि लोबोटॉमी यांचेही तसेच. पहिलीत बहुधा फुप्फुसाचा एक खंड काढतात. दुसरी म्हणजे मेंदूवरील ती शस्त्रक्रिया, जी आज वैद्यकाने टाकून दिली आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर हे शब्द बहुधा इंग्रजीतच असतात. खाली सही करणारी आजी किंवा काका घरी मराठी बोलतात. 'टॉमी' एवढा शेवट त्यांच्या कानी पडतो आणि ते मान डोलावतात. त्या होकाराला आपण संमती म्हणायचे काय? "छेद घेणार आहोत", "हा भाग काढणार आहोत", "येथे नवी वाट करणार आहोत" ही तीन साधी मराठी वाक्ये बोलायला एक मिनिटही लागत नाही. त्यानंतर रुग्णालाच विचारावे, "तुम्हाला काय समजले, ते मला सांगा." उत्तर चुकले तर पुन्हा समजावून सांगावे.

शब्दांचे खेळ अवश्य खेळावेत. त्यांनी बुद्धी ताजी राहते आणि परिभाषेची मुळेही उलगडतात. परंतु पटावर शब्द जुळला की डाव जिंकता येतो. दवाखान्यात तो समोरच्या माणसाला उमगल्याशिवाय आपले काम पूर्ण होत नाही.