दालनाचं दार ढकलून पाहा

मुंबईतल्या कलादालनाची पाटी लहान असते. फोर्ट-कुलाब्यातली अनेक खासगी दालनं जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत. जिना चढायचा, बंद दारावरची घंटी वाजवायची, आत पांढऱ्या भिंती आणि शांतता. आपल्याकडून गेलेला माणूस बहुधा जिन्यावरूनच परत फिरतो. हे मोठ्या लोकांचं, आपलं इथे काय काम, असं त्याला वाटतं. मी चोपड्यात शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवते आणि माझं सांगणं असं आहे की तो जिना चढावा. आत तिकीट नसतं. चित्र विकत घ्या, असं कुणी म्हणत नाही. तुम्ही कोण, कुठले, हेही सहसा कुणी विचारत नाही.

जानेवारी 2023 मध्ये दादाच्या तपासणीसाठी आम्ही दोघं मुंबईला गेलो होतो. दादा माझा मोठा भाऊ, शेती करतो, केळी आणि कापूस. दुपारी दवाखान्यातून मोकळे झालो आणि परतीची गाडी रात्री होती. नेमकं त्याच आठवड्यात ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ सुरू होतं. दक्षिण मुंबईतली खासगी दालनं 2012 पासून, साधारणपणे जानेवारीत, हा उपक्रम करतात. सगळीकडे एकाच वेळी नवी प्रदर्शनं लागतात, त्यामुळे पायी फिरत एका संध्याकाळी चार-पाच पाहता येतात. मी दादाला म्हटलं, चल.

पहिल्यांदा जहांगीर. 1952 मध्ये उघडलेलं हे दालन मराठी माणसाला नावाने तरी ठाऊक असतं. इथे चित्रकार स्वतः भाडं भरून सभागृह घेतो. प्रदर्शन साधारण आठवडाभराचं, मंगळवार ते सोमवार. ती तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. याचा पाहणाऱ्याला मोठा फायदा असा की चित्रकार तिथेच टेबलापाशी बसलेला असतो. दादाने एकाला सरळ विचारलं, हा निळा रंग असा खाली कसा काय आला? त्या गृहस्थांनी उठून कॅनव्हास कसा आडवा ठेवला होता ते हातवारे करून दाखवलं. बाहेर फुटपाथवरही चित्रं टांगलेली असतात, तीही थांबून पाहावीत.

खासगी दालनाची रीत वेगळी. तिथे चित्रकार भाडं देत नाही. दालनच काही चित्रकार निवडतं, वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर काम करतं आणि विक्री झाली की किमतीतला वाटा घेतं, पुष्कळदा निम्मा. प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं. चित्राशेजारच्या पट्टीवर नाव, माध्यम, माप आणि वर्ष असतं, किंमत सहसा नसते. ती टेबलावरच्या यादीत असते आणि मागितली तर दाखवतात. लाल ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं.

अशा दालनांत ‘केमोल्ड’ फार जुनं. केकू गांधी यांनी 1941 मध्ये चित्रांच्या चौकटी बनवण्याचा कारखाना काढला. पुढे 1963 मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर दालन सुरू केलं. 2007 पासून ते फोर्टात प्रेस्कॉट रोडवर, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. दारात दादा थबकला. “आठे तिकीट शे का?” मी नाही म्हटलं आणि आम्ही आत गेलो.

तिथे अतुल दोडिया यांचं प्रदर्शन होतं, ‘डॉ. बॅनर्जी इन डॉ. कुलकर्णीज नर्सिंग होम’. मी नाव वाचून दाखवलं आणि दादाचा चेहरा खुलला. “अरे, हा तर ‘आनंद’! कुलकर्णी म्हणजे आपला रमेश देव!” 1971 चा तो सिनेमा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दोडियांनी जुन्या हिंदी सिनेमांतली दृश्यं टीव्हीच्या पडद्यावरून फोनने टिपली आणि त्यांवरून तैलचित्रं केली. सिनेमातल्या खोल्यांत मागच्या भिंतीवर एखादं चित्र टांगलेलं असतं. आपलं लक्ष नटाकडे असतं, ते चित्र आपण कधी पाहतच नाही. दोडियांनी त्याच भिंतींकडे पाहिलं. क्षणभरात सरकून जाणारं दृश्य त्यांनी थांबवलं आणि हाताने, रंगाच्या थरांनी पुन्हा उभं केलं. पडद्यावर जे दोन सेकंद दिसतं त्यापुढे दादा कितीतरी वेळ उभा होता. जवळ जायचा, पुन्हा मागे सरकायचा. जवळून नुसते कुंचल्याचे फटकारे, लांबून खोली. समकालीन कला समजत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, आधी समजून घ्यायला जाऊ नका, जवळ जा आणि लांब जा. अर्थ त्यानंतर विचारावा, आणि कधी कधी तो विचारावाही लागत नाही.

किमतीचा विषय दादानेच काढला. वर्तमानपत्रात आपण कोटींचे आकडे वाचतो. वासुदेव गायतोंडे यांचं 1961 मधलं एक चित्र 2021 च्या लिलावात 39 कोटी 98 लाखांना गेलं. गायतोंडे 2001 मध्येच वारले होते. लिलावातला पैसा चित्राच्या आधीच्या मालकाला मिळतो. हयात चित्रकाराचं घर चालतं ते दालनातल्या पहिल्या विक्रीवर, म्हणून ही दालनं टिकायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

कुलाब्याकडे चालताना अंधार पडला. मेरेवेदर रोडवर देविदास मॅन्शनमध्ये ‘झवेरी कंटेम्पररी’ आहे. मोनिका कोरिया यांची विणकामं हे दालन जगापुढे मांडतं. त्यांनी हातमागावर एक धाडस केलं. उभे धागे सरळ, सारख्या अंतरावर धरून ठेवणारी फणीच विणताना काढून टाकली. मग धागे मोकळे झाले, वळणं घेऊ लागले आणि त्या वळणांचंच चित्र झालं. जिना चढताना मी हे दादाला सांगितलं. आमच्या शेजारी अमळनेरला प्रताप मिल होती, सरकी आणि सूत आम्ही लहानपणापासून पाहत आलो. कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे विणकाम समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे ‘प्रोजेक्ट 88’, एका जुन्या छापखान्याच्या जागेत 2006 पासून चालणारं. तिथवर पोचेपर्यंत दादा थकला होता, आम्ही फार थांबलो नाही.

कुलाब्यातल्याच एका दालनाबद्दल मात्र सांगायलाच हवं. ‘क्लार्क हाउस’मध्ये 2012 मध्ये प्रभाकर पाचपुते यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे, कोळशाच्या खाणीपाशी वाढलेले. त्यांच्या कुटुंबाची जमीन खाणीत गेली. त्यांनी कोळशानेच थेट भिंतींवर खाणकामगार काढले, डोक्याच्या जागी यंत्रं आणि वस्तू असलेली माणसं. आज त्यांचं काम जगभर दाखवलं जातं. सास्ती आणि चोपडा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडे चित्रकलेची ओढ कमी नाही. चोपड्यात भगिनी मंडळाचं ललित कला केंद्र आहे. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. फोटोग्राफी, चित्र, शिल्प यांत आयुष्य घालवलेला हा कलावंत 1989 मध्ये गेला आणि त्याचं घर आता संग्रहालय आहे. दरवर्षी आमची मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, स्थिरचित्र आणि संकल्पचित्र घोटून तयार करतात, ‘अ’ श्रेणीही मिळवतात. पण हयात चित्रकाराचं अस्सल चित्र त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मोबाइलवरचं चित्र तळहाताएवढं असतं. त्यात रंगाचा थर दिसत नाही, आणि आपल्यापेक्षा उंच चित्रापुढे उभं राहिल्यावर काय होतं ते तर कळतच नाही. मुलांची चित्रं कॅलेंडरसारखी होतात ती त्यामुळेच. यात मुलांचा दोष नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. मंत्रालयाच्या, दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या कामाने मुंबईला जाणं होतंच. त्यात दोन तास काढा. बहुतेक खासगी दालनं सकाळी अकरापासून संध्याकाळी सहा-सातपर्यंत उघडी असतात. रविवारी बरीचशी बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. सीएसएमटीपासून जहांगीर पायी वीस मिनिटांवर आहे. आणि घरात इंटरमिजिएट झालेलं पोर असेल, तर त्याला बरोबर न्या.