विजयेचीं तीन रूपें

तुळशींत भांग उगवली, असें आपण सहज बोलून जातों. परंतु भांग, गांजा व चरस हीं तिन्ही एकाच झाडाचीं अपत्यें, हें सर्वांस ठाऊक असतेंच असें नाहीं. १७८५ सालीं लामार्क या फ्रेंच पंडितानें हिंदुस्थानांतील झाड युरोपांतल्याहून निराळें मानून त्यास ‘इंडिका’ हें विशेषण दिलें. त्या भेदाबद्दलचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आपल्या लोकांनीं मात्र जातीपेक्षां झाडाच्या भागांवरून नांवें ठेविलीं, आणि आमच्या मतें तेंच अधिक शहाणपणाचें.

पानांची ती भांग. मादीझाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा. नरझाडें वेळींच उपटलीं म्हणजे बीं धरत नाहीं व फुलोऱ्यांत राळ वाढते. यासाठीं राजशाहीकडील नवगांवचे (हल्लीं बांगलादेशांत) शेतकरी नरझाडें ओळखणारा जाणता मनुष्य मुद्दाम बोलावीत. आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यांतही पूर्वीं गांजाची लागवड होई. चरस म्हणजे निव्वळ राळ. ती यारकंदाहून काराकोरमच्या खिंडींतून लेहला व पुढें पंजाबांत उतरे. कुलूकडील मलाणा गांवीं ओलीं झाडें तळहातांत चोळून ती काढितात.

काशीस शिवरात्रीच्या सुमारास परवान्याच्या दुकानांतील भांग घातलेली ठंडाई आम्हीं घेऊन पाहिली. बदाम, बडीशेप, मिरीं व दूध यांत पानांचा हिरवट कडसरपणा बुडून जातो. पहिला तासभर कांहींच झालें नाहीं. मग तोंड कोरडें पडलें, भूक खवळली, आणि देवळांतील घंटेचा एक ठोका इतका लांबला कीं, दुसरा येतो कीं नाहीं अशी शंका वाटूं लागली. सोबतच्या स्नेह्यांस हसूं आवरेना. आम्हांस उलट छातींत धडधड व उगाचच भय. एकाच भांड्यांतील पेय, आणि दोघांस दोन गुण!

धुरावाटें मादक द्रव्य कांहीं मिनिटांतच रक्तांत मिसळतें. पोटांतून जातांना यकृतांत त्याचें अधिक प्रखर रूप होतें व त्यास तास-दोन तास लागतात. ‘चढली नाहीं’ म्हणून दुसरा पेला घेणारा फसतो तो येथें. काशीयात्रेस निघालेल्या वडील मंडळींपुढें असा पेला प्रसाद म्हणून आला, तर घरच्यांनीं आधीं चौकशी करावी. कारण नाडी जलद होते, उठतांना रक्तदाब उतरून घेरी येते, आणि हृदयविकार असलेल्यास हें झेपणारें नव्हे. मुलांस व गर्भवतींस तर थेंबही नको.

१८९३-९४ च्या सरकारी कमिशनानें अकराशेंवर साक्षी घेऊन, बेताचें सेवन बहुधा निरुपद्रवी, असा निर्णय दिला होता. तो आजच्या मालास लावूं नये. परदेशांत निवडून वाढविलेल्या कित्येक नव्या जातींत मादक द्रव्य शेंकडा २० पर्यंत भरतें. तें द्रव्य १९६४ सालीं इस्रायलमध्यें गाओनी व मेशुलाम यांनीं शुद्ध रूपांत वेगळें केलें. पुढें १९९२ सालीं आपल्या मेंदूंतच तत्सम कार्य करणारा पदार्थ सांपडला, तेव्हां त्याचें नांव संस्कृतांतील ‘आनंद’ या शब्दावरून ठेविलें गेलें.

१९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध केले. फुलोऱ्यावांचून असलेलें नुसतें पान व बीं त्या व्याख्येबाहेर राहिलें. बियांत नशा जवळजवळ नसतेच. कुमाऊंत तीं भाजून, मिरची, मीठ व लिंबू घालून वाटतात. ती चटणी तिकडील सासवासुना रोजच्या जेवणांत निःशंक वाढतात, आणि ती आपल्या कारळ्यांच्या चटणीइतकीच खमंग लागते.