फाइल उघडायची कशात?

जूनमध्ये आमच्या आतेभावाच्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, झेरॉक्स मशीनच्या मागे ४ संगणक आणि २ प्रिंटर एवढाच त्याचा पसारा. दाखले, सातबारा, ई-आधार, प्रवेशाचे अर्ज, पीक विमा, सगळं तिथूनच चालतं. संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय, म्हणून मी दरवर्षी आठ-दहा दिवस मदतीला जाऊन बसतो. "मशिनी तेवढ्या बघून घे," एवढंच दादाचं सांगणं असतं. यंदा हे बघणं ब्राउझरच्या एका सेटिंगपाशी येऊन थांबलं.

पहिल्याच सकाळी एक मुलगा वडिलांना घेऊन आला. कॉलेजची फी ऑनलाइन भरून झाली होती, पावतीची प्रिंट हवी होती. काउंटरवरच्या मुलीने बटण दाबलं, फाइल डाउनलोड झाली. तिने दोनदा क्लिक केलं तर विंडोजने उलट विचारलं, ही कशात उघडू? तिने वर्ड निवडलं. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं आली. "काका, फाइल खराब आलीये," ती म्हणाली. मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, "म्हणजे पैसे परत भरायचे का?"

मी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, त्याला लागून पीडीएफ ही तीन अक्षरं, मग आडवी रेघ आणि १.४. खाली तोच चौकोनांचा गोंधळ. पण मला पहिली ओळ पुरेशी होती. फाइलच्या नावाच्या शेवटी पीएचपी होतं, ते खोडून पीडीएफ लिहिलं. पुन्हा क्लिक केल्यावर पावती समोर आली, रक्कम, तारीख, क्रमांकासकट. फाइल पहिल्यापासून धडधाकट होती. पावती तयार करणाऱ्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामचं नाव पीएचपीने संपत होतं, तेच नाव फाइलला चिकटून आलं होतं.

फाइल काय आहे हे ओळखायला ब्राउझरपाशी तीन खुणा असतात. बाजार समितीत पोतं येतं तेव्हा त्यावर शिक्का असतो, सोबत पावती असते, आणि तरीही आडत्या पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणा काढून बघतो. फाइलचं तसंच आहे. नावाचं शेपूट हा शिक्का. सर्व्हर फाइलच्या आधी जी एक ओळ पाठवतो, ती पावती. तिच्यात 'टेक्स्ट/एचटीएमएल', 'इमेज/पीएनजी' किंवा 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' असं लिहिलेलं असतं. आणि फाइलचे पहिले काही बाइट हा दाणा. वेबवर खरं वजन पावतीला आहे. कॉलेजच्या त्या फाइलसोबतच्या ओळीत 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम' असं होतं, म्हणजे नुसते बाइट, काय ते तुमचं तुम्ही बघा. ब्राउझरने मग दुसरं काही न करता फाइल बाजूला ठेवून दिली.

ही पावतीची पद्धत वेबसाठी जन्मलेली नाही, ती ईमेलमधून आली. तेव्हा ईमेलमधून साध्या इंग्रजी अक्षरांखेरीज काही धड जात नसे. अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेतले नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी नेड फ्रीड यांनी माइम नावाची रीत बसवली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी त्या रीतीने एक संदेश पाठवला, सोबत ते स्वतः ज्यात गात त्या चौघांच्या गायनचमूचा फोटो आणि गाणं जोडलेलं होतं. आधी मोठा वर्ग, मग तिरपी रेघ, मग नेमका प्रकार, ही मांडणी तिथली. वेबने ती जशीच्या तशी उचलली. १९९३ सालच्या मोझॅक ब्राउझरला मजकूर आणि काही चित्रं तेवढी दाखवता येत. बाकीचं तो संगणकावरच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती द्यायचा, आणि कोणता प्रकार कोणाच्या हाती द्यायचा याचा तक्ता वापरणाऱ्याला भरता येत असे. आजचं सेटिंग्जचं पान हा त्या तक्त्याचाच वारस आहे. फरक एवढाच की आता तो तक्ता कोणी उघडून बघत नाही.

आम्ही तो त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून उघडला. केंद्रात फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही आहेत. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या पानावर 'ॲप्लिकेशन्स' म्हणून दोन रकान्यांची यादी असते. डावीकडे प्रकार, उजवीकडे त्याचं काय करायचं ते: फायरफॉक्समध्येच उघड, दर वेळी विचार, जपून ठेव, विंडोजच्या ठरलेल्या प्रोग्रामला दे, किंवा मी सांगतो त्याला दे. यादीत नवी ओळ हाताने घालता येत नाही. पीडीएफसारख्या काही ओळी आधीपासून असतात, बाकी ज्या प्रकाराची फाइल त्या संगणकावर कधी आली असेल, त्याचीच ओळ उमटते. म्हणून चारही संगणकांवरच्या याद्या वेगळ्या निघाल्या. काउंटरवरच्या संगणकात पीडीएफची ओळ वर्डकडे जात होती. मागे कधीतरी घाईत कोणीतरी 'यापुढे नेहमी असंच करा' या चौकोनात खूण केलेली, आणि तेव्हापासून ती मुलगी रोज प्रत्येक पीडीएफ आधी वर्डमध्ये उघडताना बघत होती, बंद करत होती आणि फोल्डरमधून पुन्हा उघडत होती. तिला वाटायचं मशीनच जुनं झालंय.

सगळ्यात जास्त वेळ पीडीएफच्या ओळीनेच खाल्ला. माझं पहिलं मत 'दर वेळी विचार' असं होतं. मुलीने ते लगेच मोडून काढलं. "काका, गर्दीत दोनशे वेळा विचारलं तर मी न वाचताच ओके दाबणार." तिचं बरोबर होतं. न वाचता दाबलेलं ओके हे न विचारण्यापेक्षा वाईट. आणि बहुतेक कागदांना ब्राउझर पुरतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या १९व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स पीडीएफ आपल्याच पोटात उघडतो, क्रोमही उघडतो. ई-आधारला पासवर्ड लागतो, नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष, तोही तिथेच टाकता येतो.

अडतं ते सहीपाशी. १५ रुपये भरून मिळणारा सातबारा आणि ई-आधार या दोन्हींवर डिजिटल स्वाक्षरी असते. केंद्रातले दोन्ही ब्राउझर ती स्वाक्षरी तपासत नाहीत, कागदावरचं तिचं चित्र तेवढं दाखवतात. तिथे पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की लोक घाबरतात. बँकेतून एका आजोबांना याच प्रश्नचिन्हावरून परत पाठवलं होतं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे सही खोटी आहे असं नव्हे; ती अजून कोणी तपासलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती तपासायची तर फाइल अॅक्रोबॅट रीडरसारख्या प्रोग्राममध्ये उघडावी लागते. सहीवर उजवं बटण दाबून प्रमाणपत्रांची साखळी बघायची. तिच्या मुळाशी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचं, म्हणजे 'सीसीए इंडिया'चं प्रमाणपत्र आहे याची खात्री करायची, आणि मगच त्यावर विश्वास असल्याचं प्रोग्रामला सांगायचं. खात्री न करता विश्वासाचं बटण दाबलं तर हिरवी खूण मिळते, पण तिला काही किंमत राहत नाही.

म्हणून चारही संगणकांना एकच नियम लावला नाही. तीन संगणकांवर पीडीएफ ब्राउझरमध्ये, चौथ्यावर रीडरमध्ये. बँकेसाठी कागद हवा असेल तर माणसाला चौथ्यावर बसवायचं. क्रोमला पीडीएफपुरतं असं वेगळं सेटिंग आहे, ब्राउझरमध्ये उघडा किंवा डाउनलोड करा. तिथे चौथ्या संगणकावर दुसरा पर्याय घेतला.

दुसरी अवघड ओळ सीएसव्हीची, आणि तिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. बचत गटाच्या सदस्यांची यादी, शेतकऱ्यांच्या याद्या अशाच फायलींतून येतात. त्या थेट एक्सेलमध्ये उघडल्या की मराठी नावांच्या जागी परदेशी अक्षरांची रांग दिसते, कारण फाइल युनिकोडमध्ये असते आणि तशी खूण सुरुवातीला नसेल तर एक्सेल ती जुन्या संकेतात वाचतो. नावं बिघडलेली निदान दिसतात तरी. आकड्यांचं बिघडणं दिसत नाही. एक्सेल १५ आकड्यांपुढची संख्या अचूक ठेवत नाही, पुढे शून्यं भरतो. १६ किंवा १७ आकडी बँक खात्याचं शेपूट अशा वेळी गळून जातं, सुरुवातीचं शून्यही जातं, आणि फाइल तशीच सेव्ह केली की मूळ आकडा परत मिळत नाही. दादाच्या केंद्रात एकदा असं झालं होतं, आणि एका गटाचं अनुदान महिनाभर अडलं. आता सीएसव्हीच्या ओळीत 'जपून ठेव' आहे. उघडायची ती एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून, युनिकोड निवडून, खाते क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून घेऊन. मुलीने हे वहीत लिहून घेतलं आणि कागद पडद्याच्या कडेला चिकटवला.

झिप आणि चालणाऱ्या प्रोग्रामच्या फायली आपोआप उघडू द्यायच्या नाहीत, हे तिला सांगावंच लागलं नाही. तिने एक गोष्ट मात्र विचारली: नोटपॅडमध्ये बघून पीडीएफ ओळखली, तशी प्रत्येक फाइल ओळखता येईल का? नाही येत. वर्डची डॉक्सएक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स आणि मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून पाठवली जाणारी फसवी एपीके, तिन्हींची सुरुवात पी आणि के या दोन अक्षरांनी होते. तिन्ही आतून झिप आहेत, आणि ती अक्षरं झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं आहेत. तिथे शेपूट बघावंच लागतं. पण विंडोज ओळखीची शेपटं मुळात लपवून ठेवतो, त्यामुळे 'पावती.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'पावती.पीडीएफ' दिसते. चारही संगणकांवर शेपटं दिसतील असं केलं.

रात्री साडेनऊला मी डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. तिथे गावातल्या लोकांची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुकं एकाखाली एक पडलेली होती, कित्येक वर्षांची. ती सगळी कोणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ९८व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने एक पद्धत बदलली. आधी 'फक्त उघड' म्हटलेली फाइल तात्पुरत्या जागी जायची, आता ती डाउनलोड्समध्ये उतरते आणि तिथेच राहते. बघणाऱ्याला वाटतं बघून झालं. ज्याचा कागद आहे तो घरी जातो, कागद संगणकातच राहतो, आणि पुढचं गिऱ्हाईक त्याच खुर्चीत बसतं.

आता 'कुठे ठेवू ते विचार' हे सेटिंग चालू आहे, आणि सगळ्यांनी एकाच ठिकाणी, 'आजचं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं असं ठरलंय. जुना ढीग दादाने माझ्यासमोर पुसला. तुमचं केंद्र असेल, सायबर कॅफे असेल, शाळेतली संगणकाची खोली असेल, तर एवढं कराच: शटर ओढण्याआधी तो फोल्डर रिकामा करा, आणि मग रिसायकल बिनही.