सवलतीची समुद्रयात्रा

आमच्या बडोद्यातील जुन्या घरांतून पूर्वी ज्या समाधानाने “काशीस जाऊन आलो” असे सांगितले जाई, त्याच समाधानाने हल्ली “क्रूझ करून आलो” असे ऐकू येते. मुलगा न्यूजर्सीत असतो, नाहीतर मुलगी टेक्सासमध्ये. आईवडील उन्हाळ्यात तिकडे जाऊन चार-पाच महिने राहतात आणि परतण्यापूर्वी एखादा आठवडा सर्वांनी मिळून बोटीवर काढावयाचा, असा आता परिपाठच पडून गेला आहे. परत आलेली मंडळी बोटीवरचे मजले, नाटकगृह आणि मध्यरात्रीपर्यंत चालणारी भोजने यांचे वर्णन मोठ्या हौसेने करतात. खर्चाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र “ते सगळे मुलाने पाहिले” एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो.

आमच्या सौभाग्यवतीस नेमके हेच वाक्य मंजूर नव्हते. “जायचे तर निदान आपले दोघांचे तिकीट तरी आपल्या पैशाने,” असे तिने विमानात बसण्यापूर्वीच बजावले. पेन्शन रुपयांत आणि बोटीचे भाडे डॉलरांत, तेव्हा बाणेदारपणा कितीही असला तरी हिशेब करणे प्राप्तच होते. मुलगी म्हणाली, “बाबा, इथे कोणी पूर्ण भाडे देत नाही. गिफ्ट कार्डे घ्या, पॉइंट वापरा.” माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेलेले. स्वस्त म्हटले की प्रथम संशय घ्यावयाचा, ही त्या धंद्याची सवय. म्हणून ही कार्डे आणि हे पॉइंट म्हणजे आहे तरी काय, ते मी नीट पाहून घेतले. येत्या उन्हाळ्यात पुष्कळ वाचक त्याच वाटेने जाणार आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे टिपण.

उलटी हुंडी

गिफ्ट कार्ड म्हणजे आगाऊ भरलेल्या पैशाची पावती. पाचशे डॉलरचे कार्ड घेतले की त्या बोटकंपनीकडे आपले पाचशे डॉलर जमा झाले. पण हेच कार्ड काही ठिकाणी साडेचारशेलाही मिळते. शंभराची नोट नव्वदला कोण विकेल, आणि का विकेल, असा प्रश्न कोणाही शहाण्या माणसास पडेल.

आपले पणजोबा यात्रेला निघत तेव्हा पैसे बरोबर न नेता पेढीवरून हुंडी करून घेत. येथे रक्कम भरावयाची, काशीला उचलावयाची, आणि त्या सोयीबद्दल पेढीवाल्यास हुंडणावळ द्यावयाची. गिफ्ट कार्ड ही उलटी हुंडी आहे. येथे हुंडणावळ पेढीच आपल्याला देते, कारण गरज तिची असते. बोट सुटण्याच्या कितीतरी महिने आधी तिच्या हाती बिनव्याजी पैसा येतो. कार्ड घेणारा मनुष्य दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत नाही. कार्ड हाती असले की तो बहुधा कार्डापेक्षा जास्तच खर्च करतो. शिवाय काही कार्डे हरवतात, काहींत चार-पाच डॉलर उरतात ते कोणी मागावयास येत नाही, आणि तो पैसा कंपनीच्या पदरी पडतो. थोडक्यात, आपण बोटकंपनीला कर्ज दिलेले असते आणि सवलत हे त्या कर्जाचे व्याज. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सगळे व्यवहार आपोआप उलगडतात.

अशी कार्डे मिळण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. डॉ. एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने १९५८ साली अमेरिकेत निवृत्तांसाठी एक संस्था काढली. तिला एएआरपी म्हणतात. पन्नाशी उलटलेल्यांची ही फार मोठी संस्था असून, कार्निव्हलसारख्या बोटकंपन्यांची कार्डे तिच्या सभासदांना सवलतीत मिळत आली आहेत. सवलत कधी दहा टक्के, कधी कमी. कॉस्टको नावाची घाऊक मालाची प्रचंड दुकाने आहेत, तेथेही वेगवेगळी कार्डे कमी दरात असतात. त्यांच्या प्रवासखात्यामार्फत बोटीचे तिकीट काढले तर पुष्कळदा त्याच दुकानात चालणारे एक कार्ड वर मिळते. आमच्या विहीणबाई वर उल्लेखिलेल्या संस्थेच्या सभासद आहेत. त्यांनी पाचशेची तीन कार्डे साडेतेराशे डॉलरना आणून दिली आणि आमच्या सौभाग्यवतीने त्यांच्या हातावर पैसे ठेवल्यावाचून ती हाती घेतली नाहीत.

पॉइंटांचे नाणे

पॉइंटांची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत १८९६ साली हिरव्या तिकिटांची एक योजना निघाली. दुकानात खरेदी केली की तिकिटे मिळत, बायका ती वहीत चिकटवीत आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात इस्त्री, दिवा असे काही घेऊन येत. पुढे १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने उडालेल्या मैलांचा हिशेब ठेवून फुकट प्रवास देण्यास सुरुवात केली. त्यानंतर क्रेडिट कार्डांच्या बँका यात उतरल्या, आणि आज किराणा घेतला तरी पॉइंट, पेट्रोल भरले तरी पॉइंट.

पॉइंट हे नाणेच आहे, पण ते पाडणारा आणि त्याचा भाव ठरविणारा एकच. आज जेवढ्या पॉइंटांत तिकीट मिळते तेवढ्यात ते उद्या मिळेलच असे नाही. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. ते कामापुरते मिळवावे आणि वेळच्या वेळी वापरावे. साधारणपणे एका पॉइंटाचा एक सेंट धरतात. बोटीच्या भाड्यासाठी ते वापरले तर कित्येकदा तेवढाही पडत नाही. तेच पॉइंट विमान कंपनीकडे वळविले तर कधी कधी दीड सेंटापर्यंत उठतात. तेव्हा बंदरापर्यंतच्या विमानाला पॉइंट आणि बोटीला गिफ्ट कार्ड, ही वाटणी सोयीची.

आणखी एक युक्ती तिकडच्या मुलांस ठाऊक असते. काही बँका किराणा दुकानातील खरेदीवर जादा पॉइंट देतात, आणि त्याच दुकानात दाराशी गिफ्ट कार्डे टांगलेली असतात. बटाट्यांबरोबर बोटीचे कार्ड घेतले की दुहेरी लाभ. मात्र गिफ्ट कार्डांच्या खरेदीला पॉइंट नाहीत, असे काही बँका अटींतच लिहून ठेवतात. ते आधी वाचावे. आणि क्रेडिट कार्डाचे बिल महिन्याच्या महिन्याला पुरते फिटत नसेल तर या वाटेला जाऊच नये. तिकडे त्या उधारीवर वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक व्याज लागते. दोन टक्के मिळविण्यासाठी वीस टक्के देणारा मनुष्य काटकसरी म्हणवत नाही.

आमचा जमाखर्च

आता आमचा हिशेब. सात दिवसांचा कॅरिबियन प्रवास, खिडकी नसलेली आतली खोली. दोघांचे भाडे १४०० डॉलर, कर व बंदरशुल्क २६०, नोकरवर्गाची बक्षिसी माणशी रोजचे १६ प्रमाणे २२४, आणि बोटीवरील किरकोळ खर्चासाठी ११६. एकूण २००० डॉलर. त्यांतील ५०० ची अनामत क्रेडिट कार्डाने भरली आणि उरलेले १५०० तीन गिफ्ट कार्डांतून. बचत १५० डॉलर, म्हणजे साधारण तेरा हजार रुपये, शंभरास साडेसात. हा आकडा ऐकून कोणी भुवया उंचावणार नाही. “निम्म्या भाड्यात बोट” असे कोणी सांगितले तर त्याने काय काय धरले नाही, हे खुशाल विचारावे. खरी मोठी बचत आतली खोली घेण्यात आणि मुलांच्या सुट्या टाळून जाण्यात असते. कार्डे ही त्यावरची साय.

फ्लोरिडापर्यंतच्या विमानासाठी जावयांनी आपले पंचवीस हजार पॉइंट देऊ केले. सौभाग्यवतीने विचारले, “पॉइंट म्हणजे पैसेच ना?” मी म्हटले, “एका अर्थी होय.” झाले! पंचवीस हजार सेंट म्हणजे अडीचशे डॉलर तिने मोजून पुढे केले. मुलगी व जावई घेईनात, तेव्हा ते नातीच्या हातावर पडले. त्या पॉइंटांत मिळालेल्या दोन तिकिटांची किंमत चारशे डॉलर होती, म्हणजे हिशेबाने आम्ही दीडशे वाचविलेच. पण त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे घरी परतल्यावर “सगळे मुलीने पाहिले” असे म्हणण्याचा प्रसंग आला नाही.

धोक्याची ठिकाणे

आमच्या परिचयाचे इंदूरचे एक गृहस्थ. त्यांनी बोटीचे सगळेच भाडे कार्डांनी भरले. निघण्यास काही आठवडे असता पत्नी पाय घसरून पडल्या आणि बेत रद्द करावा लागला. बोट जसजशी जवळ येते तसतशी रद्द केल्याची कपात वाढत जाते. ती होऊन नऊशे डॉलर परत आले, पण ते कार्डांवर. तीन आठवड्यांनी ही मंडळी भारतात परतावयाची होती. रोख मिळेना, इस्पितळाचे बिल त्या कार्डांनी भरता येईना. पैसा होता, पण तो फक्त बोटीवर जाण्यासाठी. अमेरिकेच्या कायद्याने २०१० पासून अशी कार्डे पाच वर्षांच्या आत बाद करता येत नाहीत. पण सत्तरी ओलांडलेल्या आणि तिकडे क्वचित जाणाऱ्या माणसास त्या पाच वर्षांचा काय उपयोग?

म्हणून क्रम असा असावा. अनामत क्रेडिट कार्डाने भरावी. उरलेली रक्कम भरण्याची मुदत साधारण अडीच-तीन महिने आधी येते. त्या सुमारास, प्रकृती आणि बेत दोन्ही पक्के झाल्यावर, लागतील तेवढीच कार्डे घ्यावी. क्रेडिट कार्डाने भरलेल्या रकमेबद्दल तक्रार झाल्यास बँकेकडे दाद मागता येते, काही कार्डांबरोबर प्रवासाचा विमाही असतो. गिफ्ट कार्डाने भरलेल्या भागास हे संरक्षण बहुधा लाभत नाही. तेव्हा विमा वेगळा उतरवावा, आणि भारतातून नेलेली पॉलिसी भर समुद्रात चालते काय, हेही विचारून घ्यावे. एका कंपनीचे कार्ड दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर चालत नाही. काही कंपन्या ते केवळ तिकिटासाठी घेतात, काही बोटीवरच्या खात्यालाही.

कार्ड ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. टांगलेल्या कार्डाचे वेष्टन उसकटून आतला क्रमांक उतरून घेणारे चोर तिकडे आहेत. वेष्टन जरा जरी सैल दिसले तरी ते कार्ड ठेवून द्यावे. आणि दूरध्वनीवरून कोणी “सरकारी दंड गिफ्ट कार्डाने भरा” असे म्हणाला तर तो भामटा आहे, हे निश्चित समजावे.

शेवटचा धोका कंपनीच बुडण्याचा. आपल्याकडे २०१९ साली जलेश क्रूझेसची ‘कर्णिका’ मुंबईहून मोठ्या थाटात सुटली. पुढच्याच वर्षी कोरोनाच्या साथीत कंपनी बंद पडली आणि ती बोट आपल्या भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. कर्जदारच उरला नाही तर कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. म्हणून ही कार्डे साठवून ठेवू नयेत.

जेथे काटकसर करू नये

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा निघाला, सासष्टीकडचा. आम्ही आपसांत मराठीत बोलतो हे ऐकून दुसऱ्या दिवशी तो कोकणी-मराठी मिसळून बोलू लागला. घरी आई, दोन लहान भावंडे, महिनोन्‌महिने समुद्रावर, उजाडल्यापासून रात्रीपर्यंत काम. गोव्याचे हजारो तरुण जगभरच्या बोटींवर अशी चाकरी करीत आहेत. बक्षिसीची रक्कम रोजच्या रोज प्रवाशांच्या खात्यावर पडते आणि तिच्यावर या मुलांच्या मिळकतीचा मोठा भार असतो. तथापि काही प्रवासी खिडकीशी जाऊन ती रक्कम काढून टाकावयास लावतात आणि वर या बचतीच्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर सांगतात. आमच्या शेजारच्या टेबलावर असे एक भारतीय कुटुंब होते. सौभाग्यवतीने त्यांच्याशी पुन्हा संभाषण केले नाही.

सवलत घ्यावी ती कंपनीकडून. तिला आपले पैसे आधी हवे असतात आणि त्याबद्दल ती खुशीने काही देते. चादरी घालणाऱ्या मुलाने आपल्याला कर्ज दिलेले नाही. आम्ही बक्षिसी आधीच कार्डांतून भरली होती. शेवटच्या दिवशी कार्डांच्या बचतीतले वीस डॉलर त्याला वेगळे दिले. ते वहीत मी कोणत्या सदराखाली लिहावे, असे सौभाग्यवतीस विचारले. ती म्हणाली, “प्रवासखर्च. दुसरे काय?”