पिवळ्या जीवनसत्त्वाचा माग

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की काही तासांत लघवी पिवळीधमक होते. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा. आपलं शरीर ते तयार करू शकत नाही. दूध, अंडी, पालेभाज्या यांतून ते मिळवावं लागतं. क्षयाचा जिवाणू, साल्मोनेला, ई. कोलाय मात्र ते स्वतःच बनवतात. नेमका हाच फरक आपल्या शरीरातल्या एका जातीच्या टी-पेशींनी हेरला आहे. रायबोफ्लेविन कुणीतरी बनवत असल्याची खूण मिळाली, की जिवाणू जवळच आहे हे त्यांना कळतं.

या ‘मेट’ पेशी. रक्तातल्या टी-पेशींमध्ये त्यांचं प्रमाण साधारण १ ते १० टक्के, यकृतात त्याहून बरंच जास्त. नेहमीच्या टी-पेशी प्रथिनांचे तुकडे तपासून शत्रू ओळखतात. मेट पेशी मात्र ‘एमआर-१’ या रेणूने पेशीच्या पृष्ठभागावर धरून दाखवलेलं एक चिमुकलं रसायन पाहतात. ते रसायन कोणतं, हे २०१२ पर्यंत कोडंच होतं. त्याची उकल मेलबर्नमध्ये झाली, तीही आडवाटेने. प्रयोगशाळेत एमआर-१ची नीट घडीच बसेना. पेशी वाढवण्याचं पोषक द्रव घातलं आणि ती बसली! तपासल्यावर त्याच्या खोबणीत फॉलिक आम्लाचा एक तुकडा अडकलेला निघाला. त्याने मेट पेशी जाग्या होत नव्हत्या, पण शोधाचा रोख जीवनसत्त्वांकडे वळला. पुढे साल्मोनेला वाढवलेल्या द्रवात रायबोफ्लेविनशी नातं सांगणारी रसायनं सापडली, आणि २०१४ मध्ये खरा कळीचा रेणू हाती आला: ५-ओपी-आरयू.

हा रेणू विलक्षण नाजूक आहे. रायबोफ्लेविन बनवताना जिवाणूंमध्ये ५-ए-आरयू नावाचा मधला टप्पा लागतो. साखरेच्या ज्वलनात निघणारं मिथिलग्लायऑक्सल त्याला, कुठल्याही विकराच्या मदतीशिवाय, आपोआप चिकटतं आणि ५-ओपी-आरयू तयार होतो. शरीराच्या तापमानाच्या पाण्यात त्याची दीडेक तासात निम्म्याने वासलात लागते. एमआर-१ने वेळेत पकडला तरच तो टिकतो. पूर्वपदार्थ ५-ए-आरयूचीही तीच गत: चिरलेलं वांगं हवेवर काळं पडावं तसा तो ऑक्सिजनने लवकर बिघडतो. म्हणून प्रयोगाच्या वेळी ताजी मिश्रणं करायची आणि घाई करायची. अशाने नेमकी मात्रा किती पोचली, हे सांगणं अवघड.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर प्रोड्रगचा उपाय मांडला. शरीरात गेल्यावरच खरं रूप घेणारं, तोवर निष्क्रिय राहणारं औषध म्हणजे प्रोड्रग. ५-ए-आरयूमधला जो अमिनो गट हवेने बिघडतो, त्यावरच त्यांनी व्हॅलीन आणि सिट्रुलीन या दोन अमिनो आम्लांचं झाकण एका जोडणीने बसवलं. पेशीने हा रेणू आत घेतला की तिथली कॅथेप्सिन विकरं झाकण कापतात, उरलेली जोडणी आपसूक गळून पडते आणि मोकळा झालेला ५-ए-आरयू तिथल्याच मिथिलग्लायऑक्सलशी जुळतो. कर्करोगावरच्या ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन या औषधातही विष अशाच जोडणीने प्रतिपिंडाला बांधलेलं असतं. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते, की रसायनशास्त्रज्ञ रेणूच्या नाजूकपणाशी झुंजत बसले नाहीत. शेवटची पायरी त्यांनी पेशीवर सोपवली, एमआर-१ जिथे वाट पाहत असतो तिथे.

हे संशोधनातलं साधन आहे, उपचार नव्हे. पण त्याची गरज किती आहे, ते क्षयावरच्या प्रयोगांतून दिसतं. जुनाट क्षयसंसर्ग असलेल्या उंदरांना ५-ओपी-आरयू दिल्यावर फुप्फुसातले जिवाणू कमी झाले. संसर्गाआधी लसीसारखा दिला तेव्हा मात्र संरक्षण मिळालं नाही. क्षय झालेल्या माकडांना तो दिल्यावर तर मेट पेशी जोमाने लढण्याऐवजी थकल्या, त्यांच्यावर लगाम लावणारं पीडी-१ हे प्रथिन वाढलं. उंदरांत मेट पेशी मुळातच फार थोड्या असतात, त्यामुळे उंदरातला निकाल माणसाला लागू होईलच असं नाही. या पेशींना किती चेतवायचं, कधी चेतवायचं आणि कुठल्या पेशीच्या आत, हे ठरवण्यासाठी बाटलीत न बिघडणारा आणि मोजून देता येणारा रेणू हवा.